रेडचे लॉग, सल्ला आणि गटातली जागा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या काही आठवड्यांत ऑनलाइन खेळांविषयी जी पत्रे आली त्यांतली बरीचशी एकाच दुखण्याभोवती फिरत होती, म्हणून या वेळचे सदर त्या एका विषयाला दिले आहे. ज्यांनी हे खेळ जवळून पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या खेळात दहा, वीस किंवा तीस खेळाडू आपापल्या घरून एकाच वेळी जोडले जातात आणि एका बलाढ्य शत्रूशी, म्हणजे बॉसशी, लढतात. त्या मोहिमेला रेड म्हणतात आणि नेहमी एकत्र खेळणाऱ्या गटाला गिल्ड. बॉसचे घाव स्वतःवर घेणारा टँक, जखमा भरून काढणारा हीलर आणि बॉसला इजा करणारे उरलेले सगळे, अशी कामांची वाटणी असते. लढाईतला प्रत्येक वार, प्रत्येक मंत्र आणि प्रत्येक मृत्यू वेळेसह एका फाइलमध्ये नोंदवून ठेवण्याची सोय खेळातच आहे. ती फाइल, म्हणजे लॉग, ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’ या संकेतस्थळावर चढवली की प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शून्य ते शंभर यांमधला एक आकडा रंगासह उमटतो. खेळाडू त्याला पार्स म्हणतात. पुढची सगळी पत्रे या आकड्यामुळे लिहिली गेली आहेत.

प्रश्न : मी ऐरोलीला नोकरी करतो आणि मुलुंडला आईवडिलांसोबत राहतो. गेल्या वर्षी युरोपच्या सर्व्हरवरच्या एका गिल्डने मला मेज, म्हणजे मंत्रांनी इजा करणारा जादूगार, म्हणून घेतले. आठवड्यातून दोन रात्री ‘हिरोइक’ पातळीची, म्हणजे साध्या ‘नॉर्मल’पेक्षा अवघड, रेड असते आणि मी एकही चुकवलेली नाही. मागच्या महिन्यात लीडरने सगळ्यांसमोर लॉग उघडून माझे आकडे वाचून दाखवले. बहुतेक बॉसवर ते तिसाच्या आसपास होते. ‘हिरवे पार्स असणाऱ्याला पुढच्या पातळीवर जागा नाही,’ असे म्हणून त्याने मला राखीव खेळाडूंत टाकले. माझे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, १३० मिलिसेकंदांच्या खाली येत नाही आणि लढाईत बाजूची कामे बहुतेक वेळा माझ्याकडेच दिलेली असतात. मी खरोखरच वाईट खेळतो का? दुसरा गट शोधावा का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी त्या तिसाचा अर्थ पाहू. एमएचटी-सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द मुंबईतल्या घराघरांत पोहोचला आहे आणि गल्लत नेमकी तिथेच होते. सीईटीच्या यादीत परीक्षेला बसलेला प्रत्येक जण असतो, तयारी केलेला आणि न केलेलाही. लॉगमध्ये तुमची तुलना त्याच बॉसवर, त्याच पातळीवर, तुमच्याच शाखेचा मेज खेळणाऱ्यांशी होते, आणि त्यांची सर्वांत चांगली नोंद समोर ठेवून होते. हरलेल्या लढाया या क्रमवारीत येत नाहीत; बॉस पडला तरच नोंद लागते. तेव्हा तीस याचा अर्थ एवढाच की, ज्यांनी हा बॉस पाडला आणि त्याची नोंद ठेवली त्यांच्यापैकी सुमारे तीस टक्के तुमच्या मागे आहेत. रंगांचेही असेच आहे. पंचविसाच्या खाली करडा, ४९ पर्यंत हिरवा, ७४ पर्यंत निळा, ९४ पर्यंत जांभळा, ९८ पर्यंत नारिंगी, ९९ ला गुलाबी आणि १०० ला सोनेरी. यांतले बरेचसे रंग खेळातल्या शस्त्रांच्या दर्जावरून घेतले आहेत आणि खेळात हिरवे शस्त्र म्हणजे लवकरच टाकून द्यायची वस्तू. माणसाच्या नावापुढे तोच रंग लागला की वाचणाऱ्याच्या मनात तोच भाव उमटतो. लीडरच्या वाक्यात मला त्याचा वास येतो.

आता या आकड्यात काय मोजले जात नाही ते पाहा. तुमचा एखादा मोठा मंत्र दर दोन मिनिटांनी वापरता येत असेल तर तो सुरुवातीला, दुसऱ्या मिनिटाला आणि चौथ्या मिनिटाला असा तीन वेळा पडतो. लढाई चार मिनिटे वीस सेकंदांत संपली तरी तीन वेळा आणि पाच मिनिटे पन्नास सेकंद चालली तरी तीनच वेळा. खेळ तोच राहतो. पण दुसऱ्या लढाईत तुमची सेकंदामागची सरासरी खाली येते. सगळ्यांचा वेग वाढवणारा ‘ब्लडलस्ट’ चाळीस सेकंदांचा असतो. लढाई जितकी लहान तितका त्याचा वाटा मोठा. याचा अर्थ, बलवान गिल्डमधल्या मध्यम खेळाडूचा आकडा दुबळ्या गिल्डमधल्या चांगल्या खेळाडूपेक्षा मोठा दिसू शकतो. त्यात गटातला प्रीस्ट वेग वाढवणारे आपले ‘पॉवर इन्फ्यूजन’ दर वेळी एकाच मित्राला देत असेल तर त्या मित्राचा आकडा फुगतो आणि बाकीचे जिथल्या तिथे राहतात.

बाजूच्या कामांविषयी तुम्ही एका ओळीत लिहिले आहे, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जुन्या खेळाडूंना २००७ च्या ‘बर्निंग क्रुसेड’ या विस्तारातली लेडी वाश्ज ही बॉस आठवत असेल. तिच्या दुसऱ्या टप्प्यात एका विशिष्ट शत्रूला मारल्यावर एक गाभा मिळायचा. तो ज्याच्या हातात असे त्याला जागचे हलता येत नसे, म्हणून तो एकाकडून दुसऱ्याकडे फेकत चार यंत्रांपर्यंत पोहोचवावा लागे, आणि चारही यंत्रे बंद पडल्याशिवाय वाश्जचे कवच फुटत नसे. गाभा पकडायला उभे राहणाऱ्यांचा इजेचा आकडा त्या वेळात खालीच जाणार, आणि तरीही त्यांच्याशिवाय ती लढाई जिंकता येत नव्हती. आजच्या रेडमध्येही शत्रूचा मंत्र अडवणे, जमिनीवरचा विळखा स्वतःवर घेणे, लहान शत्रूंना गटापासून दूर पळवत नेणे अशी कामे कोणीतरी करतेच. लीडरने काम द्यायचे आणि नंतर ते काम न करणाऱ्यांच्या आकड्याशी तुमचा आकडा ताडायचा, हा न्याय नव्हे.

एवढे सांगूनही तुमच्या खेळात सुधारण्यासारखे काही नाही असे मी म्हणणार नाही, कारण तुमचा लॉग मी पाहिलेला नाही आणि तिसाच्या आसपासचा आकडा बहुतेक सगळ्या बॉसवर येत असेल तर त्याचे सगळे कारण बाहेरचे असणे अवघड आहे. म्हणून लॉग तुम्ही स्वतः उघडा आणि एकूण इजेचे पान सर्वांत शेवटी पाहा. पहिल्यांदा मृत्यूंचे पान घ्या: तुम्ही कधी, कशाने आणि कितव्यांदा त्याच गोष्टीने मेलात. मेलेला मेज इजा करत नाही आणि हीलरचा वेळही खातो. त्यानंतर सक्रिय वेळ पाहा, म्हणजे लढाईतला किती टक्के काळ तुम्ही काहीतरी करत होता. नवख्यांचे सर्वाधिक नुकसान इथे होते: बॉसची चाल आली की ते हात आखडून धावतात आणि धावताना टाकता येणारे मंत्रही टाकत नाहीत. तिसरी तुलना एका योग्य माणसाशी करा. तुमच्याच शाखेचा, जवळपास तुमच्याइतक्याच शस्त्रबळाचा आणि तुमच्याइतकीच लांब लढाई लढलेला एक खेळाडू निवडा आणि दोघांनी कोणता मंत्र किती वेळा टाकला ते शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूशी तुलना करून फारसे हाती लागत नाही, कारण त्याच्या गटाने बहुधा ती लढाई त्याच्या आकड्यासाठीच आखलेली असते. ‘वाऊॲनालायझर’ला लॉगचा दुवा दिला तर यातली काही तपासणी तो स्वतः करून दाखवतो. त्याच्या सूचना नजरेखालून घाला, मात्र त्या बॉसला लागू पडतात की नाही हे ठरवणे तुमच्याकडेच राहते.

पिंगविषयी थोडे. मंत्रांमधला किमान अवकाश मुळात दीड सेकंदाचा असतो आणि वेग वाढला की तो कमी होतो. पहिला मंत्र संपायच्या आधीच्या शेवटच्या काही क्षणांत पुढचे बटण दाबले तर खेळ तो रांगेत ठेवतो आणि लगेच सोडतो. या खिडकीची मूळ मर्यादा ४०० मिलिसेकंदांची आहे. म्हणून स्थिर १३० मिलिसेकंद असतील तर मंत्रांची संख्या फारशी घटायला नको. घात करते ती अस्थिरता: भिंतीपलीकडून येणारे वाय-फाय, त्याच वेळी घरात कोणीतरी लावलेला चित्रपट. शक्य असेल तर राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाका. शत्रूचा मंत्र अडवण्यात मात्र तुमचे क्षण खरोखर जातात, तेव्हा अडवण्याच्या यादीत पहिले नाव तुमचे नसावे असे लीडरला सांगणे रास्त आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

उरली लीडरची गोष्ट. कोणाला खेळवायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, विशेषतः पुढची पातळी ‘मिथिक’ असेल तर, कारण तिथे बरोबर वीस जागा असतात आणि एकविसावा बाहेर बसतोच. परंतु आकडे चारचौघांत वाचून दाखवण्याचा त्या अधिकाराशी काही संबंध नाही. त्याला खाजगीत लिहा. आपण लॉगमध्ये काय पाहिले, कोणते दोन बदल केले हे सांगा आणि एकच प्रश्न विचारा: कोणत्या बॉसवर, कोणती गोष्ट दिसली की मला पुन्हा जागा मिळेल? ठोस उत्तर आले तर थांबा आणि खेळा. ‘आकडा वाढव’ एवढेच उत्तर आले तर गट बदला. ज्या लीडरला आपण काय मागतो हे सांगता येत नाही, त्याच्या हाताखाली शिकणे होत नाही.

प्रश्न : मुलगा यंदा बारावीला आहे. शनिवार-रविवारच नव्हे, तर अधल्यामधल्या दिवशीही मध्यरात्रीनंतर हेडफोन लावून बसतो. विचारले की म्हणतो, ‘आई, मी नाही गेलो तर माझी जागा दुसऱ्याला देतील.’ हे खरे असते का? वायर काढून ठेवावी असे मनात येते.
— एक आई, दादर

उत्तर : ताई, तो म्हणतो त्यात तथ्य आहे, आणि ते तुम्ही मान्य केलेत तर पुढचे बोलणे सोपे होईल. युरोपातले गट त्यांच्या रात्री आठला सुरुवात करतात. आपल्याकडे तेव्हा हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. तीन तासांची रेड म्हणजे हिवाळ्यात पहाटेचे साडेतीन. बारावीच्या वर्षात हे चालणार नाही, यात मला शंका नाही. पण वायर काढू नका. लढाईच्या मध्ये एक जण नाहीसा झाला की बाकीच्यांची संध्याकाळ वाया जाते आणि त्या लोकांसमोर त्याची मान खाली जाते. त्यापेक्षा त्याने स्वतः लीडरला लिहावे की, बोर्डाची परीक्षा आणि सीईटी होईपर्यंत मी येणार नाही, मेअखेर परत येईन. नोकरी-अभ्यास असलेल्या प्रौढ माणसांचे गट अशी रजा नेहमी देतात. जो गट देत नाही त्यात सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने नसलेलेच बरे, आणि हे त्याला त्या उत्तरावरूनच कळेल. परीक्षेनंतरही रात्रीचा प्रश्न उरेल. ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरवर रात्री आठची रेड आपल्याकडे दुपारी अडीच किंवा साडेतीनला सुरू होते. सुट्टीच्या दिवसांत ती वेळ बरी आहे, पण ते सर्व्हर अमेरिकी विभागात मोडतात आणि युरोपातले पात्र तिथे नेता येत नाही, म्हणजे त्याला नव्याने सुरुवात करावी लागेल. हा निर्णय त्याला घेऊ द्या.

प्रश्न : आम्ही माटुंग्याच्या कॉलेजात एकत्र शिकलेले बारा मित्र शनिवारी रात्री रेड करतो आणि लीडर मी असतो. एक मित्र सातत्याने खूप मागे असतो. मी लढाई चालू असतानाच व्हॉइसवर त्याला दोन-तीनदा सांगितले की, हे बटण आधी दाब, तिथे उभा राहू नको. गेल्या शनिवारी तो काही न बोलता निघून गेला. आता निम्मे मित्र म्हणतात मी बरोबर होतो आणि निम्मे म्हणतात की मी त्याचा अपमान केला. एका बॉसवर आम्ही महिनाभर अडकलो आहोत, हेही खरे आहे. सल्ला द्यायचाच नाही का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : सल्ला द्यायलाच हवा, पण त्याआधी तुम्ही हरता कशामुळे ते लॉगला विचारा. हरलेल्या लढाया क्रमवारीत येत नसल्या तरी लॉगमध्ये असतात, आणि लीडरच्या दृष्टीने त्याच मोलाच्या आहेत. बॉस दोन-तीन टक्के उरला असताना ठरलेली वेळ संपून तो पिसाळतो आणि सगळ्यांना मारतो, असे दर वेळी होत असेल तर गटाची इजा कमी पडते आहे. पण लढाई अर्ध्यावर असताना एक मेला, मग दुसरा, मग हीलर अपुरे पडले, असे असेल तर प्रत्येक लढाईतला पहिला मृत्यू कोणाचा आणि कशाने हे एका कागदावर लिहून काढा. बहुतेक गट हे करत नाहीत. इजेच्या यादीत तळाला जो आहे त्याच्याकडे बोट दाखवतात. तुमचा मित्र तळाला असूनही शेवटपर्यंत जिवंत राहत असेल आणि वरच्या क्रमांकाचा एखादा दर वेळी दुसऱ्या मिनिटाला मरत असेल, तर महिनाभर तुम्ही चुकीच्या माणसाला शिकवत आहात.

दुसरे म्हणजे, नॉर्मल आणि हिरोइक रेडमध्ये दहापासून तीसपर्यंत कितीही माणसे चालतात आणि त्या संख्येप्रमाणे बॉसचे बळ कमी-जास्त होते. २००४ मध्ये खेळ आला तेव्हा मोठ्या रेडला चाळीस माणसे लागत. २००७ नंतर पंचवीस आणि दहा अशा ठरीव संख्या आल्या, आणि तेव्हा एका जागेवर कोण हा प्रश्न मित्रामित्रांत खरोखर उभा राही. आज तुमच्या पातळीवर तो प्रश्न खेळाने जवळजवळ सोडवून टाकला आहे. मित्राला घेतल्याने बॉसचे बळ थोडे वाढते, हे खरे. पण त्याला गाळल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही, अशी स्थिती बारा जणांच्या हिरोइक रेडमध्ये फार क्वचित येते.

आता सल्ल्याविषयी. लढाईच्या वेळी व्हॉइसवर फक्त सूचना द्याव्यात, आणि त्या सगळ्यांना उद्देशून: ‘डावीकडे सरका’, ‘मंत्र अडवा’. एका माणसाचे नाव घेऊन त्याने कोणते बटण दाबावे हे तिथे सांगितले की अकरा जण ऐकतात आणि ऐकणाऱ्याला त्यातले एक अक्षरही वापरता येत नाही, कारण त्याचे हात तेव्हा गुंतलेले असतात. तुम्ही सांगितलेले बरोबर होते, यावर माझा विश्वास आहे. ते जिथे आणि जेव्हा सांगितले ती जागा आणि वेळ चुकीची होती, आणि एवढे कबूल करणारा निरोप आजच त्याला पाठवा. त्यात लगेच लॉगचा विषय काढू नका. तो परत बोलू लागला की विचारा, असे काहीसे: ‘अरे, त्या बॉसवर आपण अडकलोय, मी सगळ्यांचेच लॉग पाहतोय. तुझाही एकदा आपण दोघे मिळून पाहूया का? नको असेल तर तसे सांग.’ तो नको म्हणाला तर तिथे थांबा. हो म्हणाला तर एकच गोष्ट निवडा, जी त्याला पुढच्या शनिवारी बदलता येईल आणि जी बदललेली लॉगमध्ये दिसेल. ‘एकूण इजा वाढव’ हे बदलण्याजोगे नाही. ‘लढाई सुरू होताच मोठा मंत्र लगेच टाक, तिसाव्या सेकंदापर्यंत राखून ठेवू नको’ हे आहे. तुमच्यापैकी कोणी त्याच्याच वर्गाचे पात्र चांगले खेळत असेल तर हे सांगायचे काम त्याच्याकडे द्या, कारण लीडरच्या तोंडून आलेला सल्ला नेहमी थोडासा हुकूम वाटतो. आणि पुढच्या शनिवारनंतर फरक दिसला तर तो त्याला आवर्जून सांगा. चुका दाखवण्यासाठी लॉग उघडणारे लीडर पुष्कळ असतात, पण जमलेली गोष्ट दाखवण्यासाठी तो कोणी उघडत नाही, आणि म्हणून लोकांना लॉगची धास्ती बसते.

तुमच्या मित्रमंडळींत जे दोन तट पडले आहेत ते मात्र या एका प्रसंगाने पडलेले नसावेत. काहींना तो बॉस पाडायचा आहे आणि काहींना शनिवारी रात्री तुम्हा सगळ्यांशी बोलायचे आहे. दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण तुम्ही हे एकमेकांना कधी विचारलेले नाही. एकदा विचारा. महिन्यातले दोन शनिवार हिरोइक आणि दोन शनिवार नॉर्मल, असा काही मधला मार्ग निघेल आणि हिरोइकच्या शनिवारी ज्याला यायचे त्याने तयारी करून यावे, असे सगळ्यांच्या संमतीने ठरेल. मग तयारी न करता आलेल्याला बोलण्याचा तुम्हाला हक्क असेल. आज तो नाही.

प्रश्न : मी ‘फायनल फँटसी १४’ खेळतो. वॉरक्राफ्ट खेळणारे मित्र सांगतात की लॉग दाखवून चुकणाऱ्याला तिथल्या तिथे सांगावे. आमच्या खेळात हे चालते का?
— एक वाचक, वसई

उत्तर : चालत नाही, आणि तसे केल्याने तुमचे खाते अडचणीत येऊ शकते. वॉरक्राफ्टमध्ये लढाईची नोंद ही खेळाने दिलेली सोय आहे. ‘फायनल फँटसी १४’च्या निर्मात्यांनी, म्हणजे स्क्वेअर एनिक्सने, बाहेरची साधने वापरायलाच मनाई केली आहे. ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’सारखे ‘एफएफलॉग्ज’ असते, बरेच जण ते वापरतात, तरीही खेळातल्या गप्पांत कोणाला त्याचा आकडा सुनावणे हा त्रास देण्याचा प्रकार धरला जातो आणि त्यावर कारवाई होते. आठ जणांच्या ‘सॅव्हेज’ रेडमध्ये एकाची चूक लगेच सगळ्यांना भोवते, त्यामुळे बोलण्याचा मोह होतो हे मला कळते. जे डोळ्यांना दिसले तेवढेच बोला: कोण कुठे उभे होते, कोणती चाल चुकली. त्यासाठी आकडा लागत नाही.

प्रश्न : मी चेंबूरला राहते, ड्रुइड हीलर खेळते. नोकरीमुळे ठरलेल्या वेळी रेड जमत नाही, म्हणून अनोळखी गटांत अर्ज करते. माझे हीलिंगचे आकडे मध्यम आहेत आणि त्यावरून नकार येतात, म्हणून मी ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’वरचे माझे पान लपवून टाकले. तेव्हापासून तर कोणी घेतच नाही. ज्यांनी घेतले त्यांच्यापैकी काही जण माझा आवाज ऐकला की न विचारता अगदी प्राथमिक गोष्टी शिकवू लागतात. मी काय करावे?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : इजा करणाऱ्यांचा आकडा निदान बॉस असेपर्यंत वाढवता येतो. हीलरला तसे करता येत नाही, कारण जितकी जखम झाली तितकीच भरता येते आणि ती सगळ्या हीलरांत वाटली जाते. चार हीलरांचे काम तीन जणांनी केले तर प्रत्येकाचा आकडा वाढतो. गट सफाईदार खेळला आणि कोणी आगीत उभे राहिले नाही तर सगळ्यांचा आकडा पडतो. म्हणजे ज्या रात्री रेड सर्वांत चांगली झाली त्या रात्री तुमची टक्केवारी सर्वांत वाईट दिसू शकते. शिवाय दुसऱ्याचा मंत्र पूर्ण व्हायच्या आत स्वतःचा झटपट मंत्र टाकून त्याची जखम आपल्या नावावर करून घेणारे हीलर असतात. त्यांचे आकडे छान दिसतात आणि त्यांच्या गटात अडीअडचणीला कोणाकडेही शक्ती शिल्लक राहत नाही. तुमच्या मध्यम आकड्यावरून तुम्ही कशा हीलर आहात हे सांगता येत नाही, आणि त्यावरून नकार देणारे लीडर घाईत असतात, एवढेच त्यातून कळते.

तरीही पान लपवू नका. त्या लीडरसमोर एकाच वेळी अनेक अर्ज असतात आणि लपवलेले पान दिसले की तो वाईटात वाईट गोष्ट गृहीत धरतो. त्याला जागा भरायची असते, चौकशी करायला वेळ नसतो. पान उघडे ठेवा आणि अर्जाच्या ओळीत त्याने काय पाहावे ते तुम्हीच सांगा. पसरलेले विष किती वेळा काढले, बचावाचे मोठे मंत्र मोठ्या घावांच्या क्षणी पडले की नाही, लढाईअखेर शक्ती किती उरली आणि तुम्ही स्वतः किती वेळा मेलात, हे सगळे लॉगमध्ये असते. मेलाच नसाल तर ते पहिल्या शब्दांत लिहा. अनोळखी गटात न मरणारा हीलर ही मोठी गोष्ट आहे. एक बाब ध्यानात ठेवा: लॉग एका खेळाडूने चालू केला तरी गटातल्या सगळ्यांची नोंद होते आणि तो जाहीर ठेवायचा की खाजगी हे चढवणारा ठरवतो. तेव्हा तुमच्याविषयी काय दिसते ते अधूनमधून स्वतः पाहत जा.

आवाज ऐकून शिकवणी सुरू करणाऱ्यांना लॉगशी देणेघेणे नसते. लॉग पाहून कोणी काही म्हणत असेल तर तो सल्ला आहे, पटला तर घ्यावा. तुमचा एकही आकडा न पाहता, केवळ बोलणारी बाई आहे म्हणून कोणी मूलभूत पाठ देत असेल तर तो उद्धटपणा आहे आणि तो सहन करण्याची तुमच्यावर सक्ती नाही. ‘आत्ता लढाई चालू आहे, नंतर लॉगवरून बोलू’ एवढे एकदा शांतपणे म्हणा. ज्याला खरोखर काही सांगायचे असेल तो नंतर बोलेल, बाकीचे गप्प होतील. त्यानंतरही चालू राहिले तर ती लढाई पूर्ण करा आणि निरोप घ्या. पुष्कळ गटांत ‘ऐकू येते, बोलत नाही’ असे सांगून खेळलेले चालते. तुम्हाला ते सोयीचे वाटत असेल तर अवश्य करा, पण त्या माणसांमुळे तुम्ही गप्प राहावे असे मला वाटत नाही.

अनोळखी गटांतून हळूहळू ओळखीचा गट बनतो, त्याचीही एक रीत आहे. ज्या रेडमध्ये माणसे बरी वाटली तिथल्या लीडरला त्याच रात्री लिहा की, पुढच्या आठवड्यात हीलर लागला तर मला विचारा, मला अमुक दिवशी अमुक वेळ जमते. दोन-तीन गटांशी असे झाले की जमेल तेव्हा येणारी हीलर म्हणून तुमचे नाव त्यांच्या यादीत राहते आणि त्या यादीवरून बोलावणाऱ्याला तुमचा पार्स उघडून पाहण्याची गरज पडत नाही.